हितोमीचा अहवाल आणि आपले मौन

जपानमध्ये राहून मराठी वर्तमानपत्रे वाचताना इस्रोविषयीचा एक वाद वारंवार समोर येतो. मोहीम फसली की एक बाजू खर्चाचा हिशेब मागते, दुसरी शास्त्रज्ञांच्या मनोधैर्याची ढाल पुढे करते आणि नेमके काय बिघडले हा प्रश्न मागे पडतो. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे अवतरक (चंद्रावर उतरणारे यान) विक्रम चंद्रावर कोसळले, त्या चौकशीचा संपूर्ण अहवाल नागरिकांसमोर आलाच नाही. लोकसभेत मोजक्या ओळींचे उत्तर मिळाले. इस्रोच्या प्रमुखांनी कारणे सविस्तर सांगितली ती जुलै २०२३ मध्ये, चांद्रयान-३ निघण्याच्या तोंडावर.

क्ष-किरणांतून विश्व पाहणारा हितोमी हा जपानी उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तानेगाशिमाहून उडाला आणि २६ मार्चला हातचा गेला. जाक्सा या अवकाश संस्थेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला अहवाल वाचताना अंगावर काटा येतो. उपग्रह स्थिर असताना तो तासाला सुमारे २१.७ अंशांनी फिरत आहे, असे त्याच्या नियंत्रण यंत्रणेने मानले. ते नसलेले फिरणे थांबवण्यासाठी आतील चाके वेग घेऊ लागली आणि उपग्रह खरोखरच गिरक्या घेऊ लागला. अखेरचा उपाय म्हणून थ्रस्टर, म्हणजे दिशा सावरणारी छोटी इंजिने, सुरू झाली, पण दुर्बिणीचा सांगाडा लांबवल्यानंतर त्यांच्यासाठी पाठवलेले नवे आकडेच चुकीचे होते आणि ते नीट तपासलेले नव्हते. गिरकी वाढत गेली आणि सौर पंख मुळापासून तुटले. हे सारे, स्वतःच्या कामातील उणिवांसह, संस्थेने स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्यानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी हितोमीची जागा घेणारा क्रिझम हा उपग्रह उडाला. निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे तापमानाच्या नीचतम मर्यादेच्या, वर अवघ्या ०.०५ अंशावर ठेवलेल्या त्याच्या मुख्य उपकरणात प्रत्येक क्ष-किरण कणाने होणारी सूक्ष्म तापमानवाढ मोजली जाते. याच तंत्राचे २०००, २००५ आणि २०१६ मधील प्रयत्न वेगवेगळ्या कारणांनी फसले होते. क्रिझमच्या त्या उपकरणाची झडपही उघडली नाही. बंद झडपेतील बेरिलियम धातूच्या पातळ खिडकीमुळे कमी ऊर्जेचे किरण अडतात, तरी उरलेल्या किरणांवर उत्तम काम चालू आहे, आणि जाक्साने हेही लपवलेले नाही.

जपानचे सगळेच अनुकरणीय आहे असे मला म्हणायचे नाही. विक्रमच्या त्या रात्री आपला देश जागा होता आणि अपयशानंतरही लोक शास्त्रज्ञांच्या पाठीशी उभे राहिले. इतकी आपुलकी मला येथे आढळली नाही. असा समाज अहवाल वाचून पाठ फिरवील, ही भीती मला अनाठायी वाटते.

शिवाय उणिवा उघडपणे मांडण्याची आपल्याकडे उत्तम परंपरा आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाच्या उभारणीत मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थांचा मोठा वाटा आहे. त्याच्या क्ष-किरण टिपणाऱ्या तीन लॅक्सपीसी शोधकांपैकी एकातून वायूची गळती झाली आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. वैज्ञानिकांनी ही माहिती शोधनिबंधांत मांडली, म्हणूनच जगातील कोणताही अभ्यासक ती निरीक्षणे विश्वासाने वापरू शकतो. शोधकाविषयी जे लिहिता येते ते रॉकेटविषयी आणि अवतरकाविषयी का लिहिता येऊ नये? आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ या दोन उपग्रहांच्या मोहिमेचा प्रस्ताव तयार झाला आहे. अशा मोहिमांवर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हितोमीचा अहवाल आज वाचायला मिळतो. विक्रमचाही मिळाला पाहिजे.