मथळा ठळक, माफी बारीक

गेल्या आठवड्यात एका वृत्तसंकेतस्थळावरची बातमी मी चार जणांना पाठवली आणि संध्याकाळी त्यांच्यातल्याच एकाने मला खोटे पाडले, कारण त्या दुव्यावर तोवर भलताच मजकूर आला होता. मथळा बदललेला, आकडा बदललेला, 'सूत्रांनी सांगितले' हे वाक्य तर साफ गायब. पण सकाळी काय चुकले होते आणि ते कधी सुधारले, याचा एका ओळीचाही उल्लेख कुठे नव्हता. चूक त्यांची आणि तोंडघशी पडलो मी!

चुकांचा मला राग नाही. घाईने काम करणाऱ्याच्या हातून त्या होणारच. संताप येतो तो त्या निस्तरण्याच्या चोरट्या रीतीचा. लाल पट्टी फिरवून, घसा कोरडा होईस्तोवर ओरडून सांगितलेली 'ब्रेकिंग न्यूज' खोटी ठरली, की खुलासा यायचा (आलाच तर!) तो भिंगातून वाचावा लागेल एवढ्या अक्षरांत. बड्या घरचे वारेही निराळे नाहीत. इराककडे संहारक शस्त्रे असल्याचे, पुढे खोटे ठरलेले दावे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर मिरवले. ते वार्तांकन हवे तितके काटेकोर नव्हते, ही संपादकांची कबुली मे २००४ मध्ये छापून आली ती आतल्या दहाव्या पानावर, आणि तोवर अमेरिकेचे इराकशी युद्ध सुरू होऊन वर्ष उलटले होते.

आणि वाचकांचा विश्वास का उडाला, यावर परिसंवादही यांनीच भरवायचे! अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास असणारे १९७६ साली ७२ टक्के होते, ते २०२४ साली ३१ टक्के उरले. याचे खापर समाजमाध्यमांवर फोडणे सोयीचे आहे, आणि त्यांनी पाणी गढूळ केले हे खरेही आहे. परंतु माझ्या डोळ्यांदेखत बातमी बदलून नामानिराळे होणारे हात समाजमाध्यमांचे नव्हते. जर्मनीतल्या 'डेर श्पीगल'च्या एका बातमीदाराने रचलेल्या कहाण्या २०१८ मध्ये उघड झाल्या, तेव्हा त्या साप्ताहिकाने ते प्रकरण स्वतःच्या मुखपृष्ठावर घेतले. म्हणजे करायचे ठरवले तर करता येते.

मला तर मुखपृष्ठही नको होते. 'सकाळी दिलेला आकडा चुकीचा होता' एवढी एक ओळ पुरली असती. तसे लिहून मी त्या संकेतस्थळाला कळवले. त्याला उत्तर आले नाही; काल मात्र 'विश्वासार्ह पत्रकारितेला साथ द्या' म्हणून वर्गणी भरण्याची विनंती आली.