खाजेचे मार्क

रात्री साडेअकरा ही माझ्या अंगाची लाडकी वेळ. दिवसभर ऑफिस, लोकलची गर्दी, डोंबिवलीचा पूल, सगळं बिनतक्रार पार पडतं आणि उशीला डोकं टेकलं की सलवारीची नाडी बसते तिथनं लाल गांधी उठायला सुरुवात. खाजवलं की वाढतात, वाढल्या की अजून खाजवायचं, आणि आई पलीकडच्या खोलीतनं पडल्या पडल्याच ओरडणार, "पित्त उठलं का गं? आमसूल चोळ!"

आमच्या फ्रीजमध्ये आमसुलाच्या पाण्याचं पातेलं कायम असतं. त्यातलं अर्धं प्यायचं, अर्धं अंगाला लावायचं, आणि सकाळी चादरीवरचे डाग बघून कोणी काही विचारायचं नाही. आजीचा उपाय याहून जालीम. उघड्या अंगाला घोंगडी गुंडाळून बसायचं, मे महिना असला तरी. घोंगडी इतकी टोचते की खाज कमी होत नाही, फक्त कुठली पित्ताची आणि कुठली घोंगडीची हे कळेनासं होतं, आणि आजी त्यालाच गुण म्हणते. ओवा-गूळ झाला, सूतशेखर झाली, शेजारच्यांनी सुचवलेला खायचा सोडा पण फासून झाला.

पण खरा छळ चौकशीचा. काय खाल्लंस? एवढा एकच प्रश्न, पण घरी येणारा प्रत्येक माणूस तो पीएसआयच्या आवाजात विचारतो. त्यात वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, अंडं, दही, आंबवलेलं म्हणून इडली. शेवटी ताटात उरला भात आणि दुधी. दुधी खाऊनही उठलं तेव्हा आई जरा विचारात पडली आणि मग म्हणाली, "पण भाजी काल आपल्या नेहमीच्या भाजीवाल्याकडची नव्हती ना."

शेवटी स्किनवाल्या डॉक्टरांकडे गेले. तर तिथे माझी कातडी इतकी सोज्वळ, इतकी गुळगुळीत, की त्यांनी विचारलं, "हं, प्रॉब्लेम काय आहे?" म्हणून पुढच्या वेळेला फोटो काढून नेले. आता माझ्या मोबाईलमध्ये महाबळेश्वरच्या फोटोंच्या मधोमध पोटऱ्या, कोपरं आणि पाठ असे फोटो आहेत आणि ऑफिसमध्ये कोणाला ट्रिपचे फोटो दाखवायचे तर फोन मी हातातनं सोडत नाही.

डॉक्टर मात्र शांत माणूस. म्हणाले, एखाद्या गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि उद्या बघा, साधं पित्त असेल तर ती 24 तासांच्या आत डाग न ठेवता जाते, त्याहून जास्त टिकली तर मग वेगळं काही आहे का ते तपासू. झालं, दुसऱ्या दिवशी मी हातावर बॉलपेनाचे रिकामे गोल घेऊन मीटिंगमध्ये. मग त्यांनी पेनाच्या बोथट टोकाने माझ्या पाठीवर रेघ ओढली. पाच मिनिटांत ती टरारून वर आली. याला डर्मोग्राफिझम म्हणतात आणि शंभरातल्या दोन ते पाच जणांना हा असतो म्हणे. घरी ही बातमी भाच्याच्या समोर सांगायला नको होती, कारण तेव्हापासनं मावशीचा हात म्हणजे फुल्ली-गोळ्याची पाटी, आणि अर्ध्या तासात आपोआप पुसली जाते हे त्याला विशेष आवडलंय. तरी मी नशीबवान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये डॉक्टरांनी एका पेशंटच्या पाठीवर चक्क तिच्या आजाराचं नाव लिहून फोटो काढला होता. आमचा भाचा निदान हरल्यावर रडतो तरी.

तर मुख्य निदान झालं ते असं: क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकारिया. अर्टिकारिया म्हणजे आपलं अंगावर उठणारं पित्तच. 6 आठवड्यांच्या वर चाललं म्हणून क्रॉनिक, आणि बाहेरचं काही कारण सापडत नाही म्हणून स्पॉन्टेनियस. कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी उगाचच हिस्टामिन हे रसायन सोडतात, त्याने सूज आणि खाज. बऱ्याचदा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांना डिवचते, म्हणून थायरॉइड पण तपासला. खाण्याचा संबंध क्वचितच असतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भरली वांगी तरळली आणि आईचा चेहरा पडला. एवढी फी भरून कारण नाही? काकूने तर फोनवर विचारलं, दुसऱ्या कोणाला दाखवू या का, जो कारण देईल.

नशीब, आमच्याकडे गारठ्याचा प्रकार नाही. थंडीने उठणारं वेगळं, घामाने वेगळं, उन्हाने वेगळं, आणि एक अतिशय दुर्मिळ प्रकार असतो ज्यात पाणी अंगाला लागलं की उठतं. हे ऐकून भाच्याने लगेच आंघोळीबद्दल चौकशी केली.

औषध म्हणजे झोप न आणणारी अँटीहिस्टामिनची गोळी. आधी फॅमिली डॉक्टरांनी जुन्या पद्धतीची दिली होती, ती घेऊन मी डोंबिवलीचं तिकीट काढून कसाऱ्याला उठले होते. या नव्या गोळीचा डोस डॉक्टर चौपटीपर्यंत वाढवू शकतात, तसा वाढवला, आणि बाबांनी वेष्टनातला कागद भिंगाने वाचून "इथे दिवसाला एक लिहिलंय" म्हणून क्लिनिकला फोन केला. त्यानेही नाही थांबलं तर 4 आठवड्यांतनं एकदा ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं, त्याची किंमत ऐकून मला वाटतं माझ्या मास्ट पेशीच दचकल्या. एक गोष्ट मात्र त्यांनी हसत नाही, दटावून सांगितली: ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर आमसूल शोधत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी.

आणि रोज मार्क लिहायचे. गांधींना 0 ते 3, खाजेला 0 ते 3, आठवड्याचे जास्तीत जास्त 42. तक्ता आईने फ्रीजवर लावला. पहिल्या आठवड्याला मला 34 पडले आणि बाबा सवयीने म्हणाले, "छान, अजून थोडा प्रयत्न कर." मग 20 झाले, 11, 4, आणि एका रविवारी बेरीज शून्य आली. बाबा पेढे घेऊन आले. पेढे खाऊनही काही उठलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आईने वांगी आणली, आणि चौघं माझ्याकडे टक लावून जेवायला बसली.