हिरवा दिवा स्थिर आहे का, सर?

टेलिफोनच्या तारेवरून घरात इंटरनेट आणणे ही कागदोपत्री अत्यंत सरळ गोष्ट आहे. घरी लँडलाइन असावी, अर्ज करावा, अनामत रक्कम भरावी, मग एक माणूस येतो, डबी ठेवतो, सही घेतो आणि जातो, असे मला कचेरीतील एका सहकाऱ्याने सांगितले होते. त्याच्याकडे ते तसेच झाले असेल, याबद्दल मला शंका नाही. मात्र त्याच्या घरी आमची आई नव्हती आणि आमच्या आईचा पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेला दुसरा फोनही नव्हता.

ही 2009 सालची, साताऱ्यातील गोष्ट आहे. सरकारच्या 2004 च्या धोरणानुसार किमान 256 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 256 किलोबिट, वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरलेले होते. म्हणजे पाच एमबीचे एखादे गाणे उतरवून घ्यायला, सर्व काही सुरळीत चालले तर, पावणेतीन मिनिटे लागत. आजची मुले हे ऐकून हसतात. परंतु त्याआधी डायलअपचा किर्रर्र आवाज ऐकत आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज ठेवत ज्याने दिवस काढले, त्याला ती श्रीमंती वाटत असे. त्यातही मॉडेम वायफायचा होता, म्हणजे माजघरात बसून लॅपटॉपवर मेल पाहता येणार होती. माजघरात बसून कोणती मेल पाहण्याची इतकी निकड होती, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही.

खोक्यातून मॉडेम निघाला, वायरींची भेंडोळी निघाली, एक सीडी निघाली आणि काडेपेटीएवढा पांढरा स्प्लिटर निघाला. त्याला तीन भोके होती: लाइन, फोन आणि मॉडेम. आपले बोलणे तारेवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये जाते आणि इंटरनेट 25 हजार हर्ट्झच्याही वर चालते, त्यामुळे तांब्याच्या एकाच जोडीवर दोन्ही एकाच वेळी सुखाने नांदू शकतात. फक्त ज्याचे त्याला मिळावे म्हणून मध्ये हा स्प्लिटर लागतो. एका वाड्यातल्या दोन भावांनी मधोमध भिंत घालून घ्यावी, तसाच हा प्रकार. आमच्या घरातल्या भिंतीला मागील बाजूने एक दार होते, हे पुढे उघडकीला आले.

मॉडेमवर चार दिवे होते. पहिला विजेचा, तो इमानेइतबारे लागला. दुसरा एडीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, तो थोडा वेळ लुकलुकून स्थिर होणे अपेक्षित होते, पण तो स्थिर होई, सुखावल्यासारखा वाटे आणि पुन्हा लुकलुकू लागे. तक्रार केंद्रातील मुलाला जगातील अन्य कशाहीपेक्षा या दिव्यात रस होता. "हिरवा दिवा स्थिर आहे का, सर?" तो विचारी. "आत्ता आहे," मी सांगे. "मग सर, आमच्याकडून लाइन ओके आहे." एवढ्यात दिवा लुकलुके. "मॉडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करा, सर." मी तसे करीत असे. त्या काळात आमच्या घरात तीस सेकंद म्हणजे किती, हे घड्याळाकडे न पाहता सांगता येईल अशी तयारी सर्वांचीच झाली होती.

लाइन ओके असल्यामुळे दोष संगणकात असणार, असा निष्कर्ष निघाला. संगणकवाला आला. त्याने 192.168.1.1 हा पत्ता टाकून मॉडेमच्या पोटात प्रवेश मिळवला, तेथे जोडणीच्या सेटिंगमधील 0 आणि 35 हे दोन आकडे जागच्या जागी आहेत याची खात्री करून घेतली, युजरनेम आणि पासवर्ड नव्याने भरला, चहा घेतला आणि संगणक उत्तम असून दोष लाइनमध्ये आहे, असे सांगून व्हिजिटचे पैसे घेतले. एक्स्चेंजमधील साहेबांनी दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि मॉडेम बदलून पाहा, असा सल्ला दिला. प्रत्येकाचा स्वतःच्या वस्तूवर इतका गाढ विश्वास मी क्वचितच पाहिला आहे.

खरे निदान केले ते माझ्या मुलाने. तो म्हणाला, "बाबा, मावशीआजीचा फोन आला की नेट जातं." चिंचवडची मावशी रोज दुपारी आईला फोन करते आणि ती बोलत असताना इतर कोणाला लाइन मिळत नाही, हे खरे होते, परंतु तिचा प्रभाव इंटरनेटपर्यंत पोहोचत असेल असे मला वाटले नव्हते. आम्ही लक्ष ठेवले. फोनची घंटा वाजली की हिरवा दिवा हमखास लुकलुकू लागे. ही बातमी आईने कर्तव्यबुद्धीने मावशीला कळवली आणि मावशीने पुढचे काही दिवस फोन करायचेच सोडले. त्या दिवसांत आमचे इंटरनेट उत्कृष्ट चालले. घरातले वातावरण मात्र बिघडले.

शेवटी लाइनमन आला. खांद्याला पिशवी, कमरेला टेस्टिंगचा फोन, आणि कोणताही कागद न वाचण्याचा निर्धार. त्याने मॉडेमकडे पाहिलेसुद्धा नाही. तो दारातूनच वायरीचा माग काढत निघाला. ती खिडकीच्या चौकटीवरून, पडद्याच्या दांडीमागून, ऑइलपेंटच्या तीन थरांखालून जात होती. पडद्याआड एका जागी काळ्या चिकटपट्टीचा गोळा होता. तेथे तो थांबला, वायर कापली आणि तिचे वेष्टण काढण्यासाठी, त्याच्या धंद्यातल्या पद्धतीप्रमाणे, तिचे टोक दातांत धरले. नेमक्या याच क्षणी मावशीचा राग गेला.

फोनची घंटा वाजवण्यासाठी एक्स्चेंज तारेवर सुमारे 75 व्होल्टचा एसी प्रवाह सोडते, हे मी पुढे वाचले. त्या लाइनमनला ते वाचण्याची गरज उरली नाही. तो उडालाच. नंतर जबडा चोळत तो एवढेच म्हणाला, "कोणाचा फोन आहे बघा, वहिनी."

त्या गोळ्यातून एक फाटा निघून आईच्या खोलीत गेला होता. माझ्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी घेतलेला तो पॅरलल फोन स्प्लिटरच्या अलीकडेच जोडलेला राहिला होता. तो घंटेच्या वेळी आणि उचलताच सारी लाइन ढवळून काढी. "ही पॅरलल काढून टाका, साहेब," लाइनमन म्हणाला. आईने पलंगावरूनच विचारले, "अहो भाऊ, इंटरनेट आधी आलं की फोन?" या युक्तिवादाला उत्तर नव्हते. त्याने पिशवीतून नवी वायर काढली, स्प्लिटरच्या फोनच्या भोकातून आईच्या खोलीपर्यंत ती वेगळी नेली आणि जुना फाटा कायमचा तोडला. दिवा स्थिर झाला. फोनवरची खरखरही गेली, त्यामुळे मावशीला आता आईचे सर्वच बोलणे स्पष्ट ऐकू येऊ लागले, हे कितपत हिताचे झाले ते त्या दोघी जाणोत.

वायफायचे फारसे सांगण्यासारखे नाही. फोनचा पॉइंट दर्शनी खोलीत, माजघर अठरा इंची दगडी भिंतीपलीकडे आणि भिंतीला टेकून लोखंडी कपाट. तेव्हा रेंज उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरे. कपाट सरकवून मॉडेम उंच फळीवर ठेवल्यावर ती आत आली. त्या फळीवर आईने मॉडेमला क्रोशाचा रुमाल घातला. मॉडेम तापतो म्हणून मी तो काढत असे आणि धूळ बसते म्हणून ती तो पुन्हा घालत असे. रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत होता, त्यामुळे मुलगा पुढे पहाटे अभ्यासाला उठू लागला याचे तिला विलक्षण कौतुक वाटे.

निघताना लाइनमनने वायर खिळ्यांनी ठोकून पक्की केली आणि म्हणाला, "आता लाइन एक नंबर आहे. पाऊस लागला की नाक्यावरच्या डीपीत, फोनच्या तारांच्या पेटीत, पाणी जातं आणि जॉइंट फुगतात, तोपर्यंत काही बघायला नको."

मी कॅलेंडरकडे पाहिले. मे महिन्याची 29 तारीख होती. "अहो, मृग तर दहा दिवसांवर आला," मी म्हणालो.

"हो ना," तो चपला घालत म्हणाला, "म्हणून तर आज आलो. नंतर मला वेळ नसतो."