दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नव्हतं

आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. इचलकरंजीतलं घर, शेजारी दिवसरात्र मागांचा खडखडाट, त्यामुळे मारिओचं संगीत ऐकायचं तर टीव्हीचा आवाज चांगलाच वाढवावा लागायचा. कॅसेट चालली नाही की काढून खालच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि परत बसवायची. कंट्रोलर हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, आम्ही रिमोट म्हणायचो. पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं.

पहिल्या रिमोटवर मधोमध दोन जास्तीची बटणं होती, सिलेक्ट आणि स्टार्ट. दुसऱ्या रिमोटवर ती जागा सपाट. स्टार्ट दाबलं की गेम सुरू व्हायचा आणि खेळता खेळता दाबलं की थांबायचा. म्हणजे गेम थांबवायचा अधिकार फक्त दादाकडे. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की हे आमच्याच मशीनपुरतं नव्हतं. 1983 साली जपानमध्ये निन्टेंडोने फॅमिकॉम आणला, त्याच्याही दुसऱ्या कंट्रोलरवर ही दोन बटणं नव्हती, त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन होता. आपल्याकडची स्वस्त मशीनं त्याच फॅमिकॉमच्या नकला. आमच्या मशीनमध्ये मायक्रोफोनही नव्हता, बटणंही नव्हती.

कॉन्ट्रा हा दोघांनी मिळून खेळायचा बंदुकांचा गेम, तो खेळलेल्यांना धबधब्याची लेव्हल आठवत असेल. तिथे पुढे पळायचं नसतं, वर चढायचं असतं. एक जण वर गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. मी लाल पँटवाला गडी घेऊन कशीबशी त्या दगडांवर उड्या मारत असायचे आणि आतून आईची हाक यायची, "अगं, पाहुणे आलेत, पाणी आण." हाक मलाच यायची. "दादा, थांबव ना" म्हणून मी उठायचे. कधी तो थांबवायचा, कधी नाही. तांब्या-भांडं ठेवून परत येईपर्यंत माझे गडी संपलेले असायचे. दादाचा राग नाही, तो तेव्हा तेरा वर्षांचा होता. पण तो सपाट प्लास्टिकचा तुकडा माझ्या अंगठ्याला अजून आठवतो.

आज एकेचाळिसाव्या वर्षी, रोजची नोकरी, घर, सातवीतली लेक आणि सासूबाईंचं पथ्यपाणी सांभाळून मी खेळते. आणि ठामपणे म्हणते की गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट ग्राफिक्स नाही, कथा नाही, पॉज आहे. जो खेळ हाक आल्यावर थांबतो, तोच संसारातल्या माणसाला खेळता येतो.

2007 साली पहिल्या नोकरीच्या पगारातून मी प्लेस्टेशन 2 हे गेमचं मशीन घेतलं. सेकंडहँड, सोबत झालेला खेळ साठवायला 8 एमबीचं एक मेमरी कार्ड. ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट जायची वेळ कॅलेंडरच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलेली असायची आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं मी सेव्ह पॉइंट, म्हणजे गेममधली खेळ साठवायची जागा, शोधायला लागायचे. सेव्ह होत असताना कार्ड काढू नका, मशीन बंद करू नका, असं स्क्रीनवर यायचं. ते वाचताना मी खरोखर श्वास धरून बसायचे. एका रविवारी लाइट वेळेच्या आधीच गेली आणि पाच तासांचा खेळ गेला. अंधारात कंट्रोलर हातात धरून मी रडले होते. त्याची मला आजही लाज वाटत नाही. पाच तास कष्टाने केलेली कुठलीही गोष्ट डोळ्यादेखत पुसली गेली तर माणूस रडतो.

आता प्लेस्टेशन 5 आहे. भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत 49,990 रुपये होती. माझी भिशी लागेपर्यंत ती 54,990 झाली. घ्यायला गेले तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, मुलगा कितवीत आहे?" मी सांगितलं, मुलगा नाही, मी खेळते. तो पुढची सगळी माहिती माझ्या नवऱ्याकडे बघून देत राहिला. नवऱ्याला त्यातलं काही कळत नाही, तो शांतपणे "हिला सांगा" म्हणाला. त्याचे ते दोन शब्द मी जपून ठेवलेत.

या मशीनवर मला काय आवडतं सांगू? रेस्ट मोडचा नारिंगी दिवा. खेळ आहे तिथे ठेवून मी कणीक मळायला जाते आणि दोन दिवसांनी त्याच पावलावर परत येते. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एका माणसाने, एरिक बॅरोनने, एकट्याने बनवला, 2016 साली आला. त्यातला एक दिवस साधारण 14 मिनिटांचा. कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली, तेवढ्यात माझं एक दिवसाचं शेत होतं. झोपायला गेलं की आपोआप सेव्ह. मेनू उघडला की काळ थांबतो. त्या गेमला माझं स्वयंपाकघर कळतं असं मला वाटतं.

याउलट एल्डन रिंग. अफाट गेम आहे, त्यातलं जग बघून मी थक्क झाले. पण त्यात साधं पॉज नाही. मेनू उघडला तरी राक्षस येतोच. चाहते सांगतात की तीच तर मजा, भीती टिकून राहते. मला हे पटत नाही. त्याच फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीच्या सेकिरोमध्ये पॉज आहे आणि तो काही कमी अवघड नाही, एकेका शत्रूपायी माझे आठवडे गेलेत. तेव्हा पॉज दिल्याने खेळ सोपा होत नाही. पॉज नसलेला गेम हे धरून चालतो की खेळणाऱ्याला दोन तास कुणी हाक मारणार नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात नाही, तान्हं बाळ नाही, गॅसवर काही नाही. असं आयुष्य कितीजणांचं असतं? आणि कितीजणींचं?

ऑनलाइन खेळांचं वेगळं आहे, तिथे समोर दुसरी माणसं असतात, सगळ्यांना कोण थांबवणार? हे मी लेकीमुळे शिकले. जेवायला हाक मारली की ती ओरडायची, "मम्मी, ऑनलाइन आहे, पॉज होत नाही!" फोर्टनाइटची एक फेरी शंभर जणांची, वीसेक मिनिटांची. मध्येच उठलं तर सोबतच्या मैत्रिणी अडकतात. आईबाबांनो, कळकळीने सांगते, वायर ओढू नका. "ही फेरी संपली की ये, नवीन लावू नको" एवढं म्हणा. आमच्याकडे हा नियम दोन वर्षं चाललाय आणि पानं गार झालेली नाहीत.

2025 साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा तीन नातेवाइकांनी फोन करून विचारलं, "तुझं गेमिंग बंद झालं का गं?" रमी आणि मी एकाच पोत्यात. त्या रमीत घरं बुडालीत, बंदीचं मला बरंच वाटलं. पण एकच शब्द दोघांना लावल्याने माझ्यासारख्यांना आपला छंद लपवावा लागतो. ऑफिसात मी विणकामाबद्दल बोलू शकते, याबद्दल नाही. म्हणून तर आज लिहायला बसले.

लेकीने एकटीने पूर्ण केलेला पहिला गेम 'राजी', 2020 चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. त्यात बहीण आपल्या हरवलेल्या लहान भावाला, गोलूला, शोधत राक्षसांशी लढते. शेवट झाला तेव्हा स्क्रीनचा फोटो काढून मी दादाला पाठवला. त्याने लगेच फोन केला आणि अर्धा तास आम्ही फक्त धबधब्याच्या लेव्हलबद्दल बोललो. तो म्हणाला, "मी थांबवायला पाहिजे होतं गं." तीस वर्षांनी.

आता आमच्या घरातल्या दोन्ही कंट्रोलरवर ते बटण आहे. मागच्या रविवारी आम्ही मायलेकी ओव्हरकुक्ड खेळत होतो. दोघींनी मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं, कांदे चिरायचे, सूप लावायचं, घड्याळ पळत असतं. आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, दूध!" आम्हा दोघींचे अंगठे एकदमच निघाले. तिचा आधी पोचला. स्क्रीनवरचं कांद्याचं सूप होतं तिथे थांबलं आणि आम्ही दोघी दुधाकडे पळालो.