दहा हजारात माउझर? भाच्याच्या मोबाइलवर आलेल्या फॉरवर्डचं काय करायचं

माझा भाचा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीन, चालवतो. तिसऱ्या मशीनसाठी कर्ज काढायचं डोक्यात आहे. परवा रात्री साडेदहाला त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे आपण करू शकतो."

मेसेज थोडक्यात असा. माउझर, ली-एनफिल्ड या जुन्या बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या) रायफली शंभर वर्षांपूर्वी हाताने चालवायच्या मशीनवर बनल्या. आज सीएनसी, म्हणजे संगणकावरची मशीन, आहे, म्हणून तीच ॲक्शन (बोल्ट आणि त्याचं घर) दहा हजारात पडते. कंपन्या ती लाखोंना विकतात, कारण त्यांना लुटायचंय. पूर्वीचं पोलाद आता मिळतच नाही. आणि शेवटी: एमआयडीसीतला कुठलाही पोरगा ही मक्तेदारी मोडू शकतो. घरच्या ग्रुपवर त्याला सहा अंगठे आलेले. माझं आयुष्य टूलरूममध्ये, डाय आणि गेज बनवण्यात, गेलं. झोप उडाली ती उडालीच.

आधी पोलाद, कारण सगळ्यात मोठा विनोद तिथे आहे. पोलाद मिळत नसेल तर दहा हजारात बनवणार कशाचं? लिहिणाऱ्याने आपलाच मेसेज वाचलेला नाही. आणि ते 'जुनं सोनं' कसं होतं ते अमेरिकन सैन्याचे शस्त्र-अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी लिहून ठेवलंय. अमेरिकन स्प्रिंगफील्ड 1903 रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ती घरं, फुटायला लागले तेव्हा शोध घेतला. निघालं असं की भट्टीवरचे जुने कारागीर तापल्या लोखंडाचा रंग बघून तापमान ठरवत होते. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसायचा, मग माणूस आणखी तापवायचा. ढगाळ दिवस आणि उन्हाचा दिवस यांत 300 अंश फॅरनहाइटपर्यंत फरक! पोलाद जळून ठिसूळ. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8,00,000 च्या आतल्या नंबरांच्या रायफलीतून गोळी झाडू नका, असं जाणकार आजही सांगतात. आपल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने 1962 च्या युद्धानंतर ली-एनफिल्ड 7.62 मिमीच्या काडतुसासाठी काढली, ती 2ए1, तेव्हाही जास्त दाब सोसायला पोलाद सुधारावं लागलं. आज आपल्याकडच्या साध्या हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीलाही तापमान मोजणारा पायरोमीटर असतो. पोलाद हा प्रश्नच नाही.

आता सीएनसी. भाच्या, हे तुला कळायला हवं होतं. माउझर 98 चा रिसीव्हर म्हणजे भोक पाडलेला ठोकळा नव्हे. सपाट तळ, धक्का पेलणारा खुंट (रिकॉइल लग) अंगचाच, आत बोल्टच्या लगांना, म्हणजे त्याला अडकवून धरणाऱ्या कानांना, सरकायला लांब खाचा, खाली काडतूस वर सरकवायच्या त्याच्या मापाच्या फीड रेल, आणि हे सगळं एकाच फोर्जिंगमधून, म्हणजे ठोकून घडवलेल्या एकाच तुकड्यातून. गोल कटर आतल्या चौकोनी कोपऱ्यात जात नाही. तिथे ब्रोच (ओढून खाच पाडणारं दातेरी हत्यार) लागतो नाहीतर वायरकट (विजेच्या तारेने कापणं), आणि वायरकट तासावर पैसे घेतो. शिवाय हार्डनिंगनंतर जॉब वाकतो, तेव्हा ग्राइंडिंग आलं, माप तपासायचे गेज आले, रिजेक्शन आलं. सायकल टाइम, म्हणजे एक नग कापायला मशीनला लागणारा वेळ, हा या खर्चातला एक तुकडा, आणि मेसेजवाल्याने तेवढाच मोजलाय.

उरलेला भाग संख्येचा आहे. समजा डाय, फिक्स्चर (जॉब धरायच्या पकडी), ब्रोच, गेज मिळून 40 लाख घातले. आकडा माझा, हिशेबापुरता. दोन लाख ॲक्शन काढल्या तर एकीवर 20 रुपये बसतात. दोनशे काढल्या तर 20,000. म्हणजे बार कापायच्या आधीच तुझे दहा हजार दुपटीने संपले. जुन्या कारखान्यांकडे सरकारच्या ऑर्डरी होत्या. जर्मनीने कार 98के ही माउझर रायफल एक कोटीच्या वर बनवली. अमेरिकेत सॅव्हेजने ब्रिटिशांसाठी एनफिल्ड नंबर 4 दहा लाखांहून जास्त काढल्या. एका मशीनवर एकच ऑपरेशन, एकच माणूस, वर्षानुवर्षं. तुला ऑर्डर कोण देणार, ते सहा अंगठे?

शिवाय हातकाम. कॉलेजात एनसीसीला होतो तेव्हा आमचे हवालदार उस्ताद रायफली साफ करून झाल्या की एकेकाचा बोल्ट तपासायचे. दांड्याच्या बुडाशी कोरलेला नंबर आणि रायफलीवरचा नंबर जुळला पाहिजे. एकदा दोघांचे बोल्ट बदलले, तर अख्ख्या प्लाटूनला मैदानाला फेऱ्या. तेव्हा वाटायचं मिलिटरीचा खाक्या. नंतर टूलरूममध्ये कळलं, प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो. एनफिल्ड नंबर 4 ला तर हेडस्पेस, म्हणजे काडतुसाला बसायला बोल्टपुढे सुटणारी जागा, जुळवायला बोल्टची डोकीच 0 ते 3 अशा चार मापांत असायची. ते बसवणाऱ्या माणसाचा पगार मेसेजमध्ये कुठेय?

जुनी रायफल स्वस्त होती ना? होती. केनेडींच्या खुनातली इटालियन कार्कानो दुर्बिणीसकट 19.95 डॉलरला टपालाने आली होती, वॉरन आयोगाच्या अहवालात नोंद आहे. पण ती भंगारातल्या मालाची किंमत. बनवायचा खर्च सरकारने युद्धात कधीच भरून टाकला होता.

लुटीबद्दल बोलायचं तर, थोडं मान्य. विंचेस्टरने 1964 साली मॉडेल 70 रायफलीचा पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग) काढून टाकला, लाकडावरची नक्षी कोरायच्या ऐवजी दाबून उठवली, गिऱ्हाईक भडकलं. पण शेजारी रेमिंग्टन 700 उभी होती: रिसीव्हर गोल बारचा, सरळ लेथवर, रिकॉइल लग म्हणजे नळी आणि रिसीव्हरमध्ये अडकवलेली वेगळी चकती. मजुरीत जुनी पद्धत टिकणार कशी? आणि हो, सर्बियातला झास्तावा कारखाना आजही माउझर घाटाची रायफल परवडेल अशा भावात देतो. तो 1920 च्या दशकापासून तेच करतोय. शिरोलीत शून्यातून नाही. खुद्द माउझर कंपनी आज एम 98 बनवते, ती हजारो युरोंना.

मक्तेदारी मोडणाऱ्या पोरासाठी एवढंच. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये सुटे भागही 'शस्त्र', आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही. परवान्याशिवाय बनवलंस तर कलम 25. 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे हप्ते फिटायच्या आधी मशीन पोलिसांच्या मुद्देमालात.

हे सगळं सकाळी फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पण नुसता बोल्टचा दांडा केला तर?"

तोही सुटा भागच, म्हटलं. पंपाचे शाफ्ट कर.