‘दोन तास नेऊन मातीचं घर दाखवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे दिलेत, पण कारणंही लिहिलीत, हे बरं केलंत. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या आयर्व्हाइनहून दोन तास गाडीत बसवून आम्ही डेझर्ट हॉट स्प्रिंग्जचं कॅबट्स प्वेब्लो म्युझियम दाखवलं, ते निघालं मातीचं घर, आणि ‘असली घरं आमच्या सासरी उमरग्याकडे गल्लोगल्ली पडलीत’. सासूबाईंना आत फिरता आलं नाही. गरम पाण्याचं कुंड दिसलं नाही. गाडीतला एसी बंद होता. वर ते घर मूळ रहिवाशांचं नाहीच, गोऱ्या माणसाने केलेली नक्कल आहे.

सासूबाईंचं आधी. इथे चूक सगळी माझी. त्या घरात जमीन उंचसखल आहे, दारं बुटकी आहेत, जिने अरुंद. मला हे माहीत होतं. बुकिंगच्या फोनवर मी कांदा-लसूण चालतो का ते विचारलं, गुडघ्यांचं विचारलं नाही. आजी सगळा वेळ अंगणात सावलीत बसून राहिल्या आणि त्यांनी पाहिला तो फक्त शिल्पकार पीटर वुल्फ टोथने १९७८ साली कोरलेला ४३ फुटी लाकडी चेहरा. त्यांचे पूर्ण पैसे काल परत पाठवले आहेत.

कुंडाचं म्हणाल तर गावाचं नाव ऐकून सगळ्यांनाच वज्रेश्वरी आठवते. इथे तसं नाही. गरम पाणी जमिनीखाली आहे आणि आंघोळ हॉटेलांच्या तलावात, वेगळे पैसे भरून. आमच्या पत्रकात आंघोळीचा शब्द नव्हता, पण ‘नाही’ असंही लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय.

नक्कल? हो, आहेच. घर बांधणारा कॅबट यर्क्सा होपी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या त्या नावाच्या जमातीचा, नव्हता. होपींच्या वस्तीवरून त्याने घराचा आकार घेतला. म्युझियमही हे लपवत नाही. ही गोष्ट मी गाडीतच सांगायला हवी होती, म्हणजे तुम्ही वेगळी अपेक्षा धरली नसती.

आता मातीच्या घराचं. इथे मात्र मी तुमच्याशी थोडं भांडणार आहे. माझं आजोळ बार्शीकडचं. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, झोपलोय, पावसाळ्याआधी वर पांढरी माती पसरताना पाट्या वाहिल्यात. त्यामुळे भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची, भिंत बघायला कॅलिफोर्नियात यायची गरज नाही, हे मला पटतं. पण आपल्याकडचं घर अख्खी भावकी बांधायची, सुतार-गवंडी गावातलेच असायचे. हे घर १९४१ साली सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या एका माणसाने सुरू केलं आणि जवळजवळ सगळं स्वतःच्या हातांनी उभारलं. ३५ खोल्या, १५० खिडक्या, ६५ दारं. विटांच्या मातीत काडाऐवजी थोडं सिमेंट घालायचा. आसपासच्या ओस पडलेल्या झोपड्या विकत घेऊन मोडायचा आणि त्यांच्या फळ्या, दारं, काचा इथे बसवायचा. वाकलेले खिळेसुद्धा ठोकून सरळ करायचा. म्हणून एक खिडकी दुसरीसारखी नाही. ‘कारागिराला ओळंबा माहीत नव्हता का’ असं तुम्ही लिहिलंत, वाचून मला हसू आलं. ते वाकडेपण मुद्दाम ठेवलेलं: सगळं सरळ-समान असलं की वाईट शक्ती घरात अडकून राहते, अशी त्याची समजूत होती.

हाच माणूस १९१३ साली १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क लावून इथे आला तेव्हा पाणी कित्येक मैलांवरच्या रेल्वे स्टेशनवरून आणत होता. मग विहीर खणली तर लागलं कढत पाणी, आणि जवळच दुसरी खणली तर थंडगार. सॅन अँड्रियास भ्रंशाची, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेची, एक शाखा मधून गेलीय, तिच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचं पाणी. १९६५ साली तो वारला, घर ओस पडलं, पाडायचीच पाळी आली होती; ओळखीच्या एका माणसाने विकत घेऊन वाचवलं. आज ते नगरपालिकेचं आहे.

हे सगळं मी जाताना सांगायचं ठरवलं होतं. पण वाटेत मुलांनी गाणी लावली, भेंड्या रंगल्या आणि मीही सामील झालो. तुम्ही आत गेलात त्या वेळी हातात काहीच माहिती नव्हती, आणि तिथल्या मार्गदर्शक बाईंचं इंग्रजी मागच्यांपर्यंत पोचत नव्हतं. माहिती नसेल तर ते मातीचं घरच दिसणार. पुढच्या सहलीपासून मराठीत दोन पानी टिपण आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर पाठवणार आहे.

एसी मात्र चालू होता, ताई. मागच्या सीटवर गार लागत नाही हे खरं. मे महिन्यात आता दुपारऐवजी सकाळी नऊला तिथे पोचायचं ठरवलंय. बाकीच्या तिकिटांचे पैसे परत देत नाही, कारण त्याच सहलीतलं जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान तुम्हाला आवडल्याचं तुम्हीच लिहिलंय.

तुमचा पोळ्यांचा स्टीलचा डबा मागच्या सीटखाली सापडला. शनिवारी आयर्व्हाइनला येतोय, आणून देतो. आजी घरी असतील तर दोन मिनिटं भेटेन म्हणतो.