ब्लॅक-शोल्स येत होतं, ड्रॉइंग्जची एंट्री येत नव्हती

बीएफएम (फायनान्शियल मार्केट्सची पदवी) केलंय म्हटलं की आमच्या डोंबिवलीत एकच प्रश्न येतो, "मग कुठला शेअर घेऊ?" मला विचारू नका. मी गेली दोन वर्षं अकाउंट्समध्ये आहे आणि याबद्दल एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

आमच्या शेजारच्या वर्गात बीएएफची, म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्सची मुलं बसायची. त्यांना आम्ही 'मुनीमजी' म्हणायचो. आम्ही डेरिव्हेटिव्हज (फ्युचर्स-ऑप्शन्स) शिकणारे, ते जर्नल एंट्र्या करणारे, असा सगळा तोरा. २०२१ला पदवी हातात आली आणि मी एका बँकेत (नाव नको) 'रिलेशनशिप मॅनेजर' झाले. म्हणजे काय, तर रोज चाळीस फोन, महिन्याला अमुक खाती, तमुक विमा. एफडी मॅच्युअर झाली म्हणून आलेल्या एका आजोबांना मी युलिप (बाजाराशी जोडलेला विमा) विकला. ऑफिसात टाळ्या पडल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पदवीनंतर फायनान्सच्या नावाखाली मिळणाऱ्या पहिल्या नोकऱ्या बऱ्याचदा विक्रीच्या असतात. विक्री वाईट नाही हो, पण प्रवेश देताना तसं सांगा तरी.

२०२३ला ठाण्यातल्या एका सीए ऑफिसात मुलाखतीला गेले. सरांनी साधा प्रश्न टाकला: दुकानदाराने दुकानातला माल घरी वापरायला नेला, एंट्री काय? मी छातीठोकपणे म्हटलं, "ड्रॉइंग्ज डेबिट, सेल्स क्रेडिट." (ड्रॉइंग्ज म्हणजे मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेलं.) सर हसले. "अगं, विक्री कुणाला केली? स्वतःलाच?" क्रेडिट जातं परचेसला, म्हणजे खरेदी खात्याला. शिवाय त्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) उलटवावं लागतं, हे नंतर कळलं. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र पाठ असलेल्या मुलीला हे येत नव्हतं! तरी नोकरी मिळाली. पगार मात्र जवळजवळ निम्मा. आईने दोन दिवस अबोला धरला, कारण बारावीनंतर तिने सीए कर म्हटलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

वर्किंग कॅपिटलवर (रोजचा धंदा चालवायला लागणारं भांडवल) कॉलेजात वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ते कळलं मात्र इथे. एमआयडीसीतला आमचा एक फॅब्रिकेशनवाला क्लायंट. पुस्तकात नफा, त्यावर कर, आणि बँकेत खडखडाट, कारण येणी चार-चार महिने अडकलेली. पहिल्यांदा त्याची तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळवायला बसले तेव्हा नफा आणि रोकड यांच्यातली दरी मी एकेका बिलाने मोजली. मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंतही चुकती केली नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. २०२४च्या मार्चमध्ये आमच्या क्लायंटची रखडलेली बिलं अचानक निघायला लागली. रेशोंच्या धड्यात हे कुठेच नव्हतं.

ज्यांना असंच वळायचंय त्यांच्यासाठी: कॉमर्स पदवीला ५५ टक्के असतील तर सीए फाउंडेशन (पहिली परीक्षा) न देता थेट इंटरला, म्हणजे पुढच्या टप्प्याला नोंदणी होते (विषयांची अटही आहे, मार्कशीट समोर ठेवून नीट वाचा). आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे. मी एक ग्रुप काढलाय, दुसरा लटकलाय. ऑफिसातली आर्टिकल्स मला 'ताई' म्हणतात आणि टॅलीचे शॉर्टकट शिकवतात. आधी अहंकार दुखायचा, आता त्यांच्या डब्यातलं खाते.

हे काम कंटाळवाणं नाही का? आहे. सस्पेन्समधले (न जुळणारा फरक टाकतात त्या खात्यातले) ३७० रुपये शोधण्यात अख्खी दुपार जाते. पण त्या दुपारी मी कुणाला फसवत नसते. आणि ज्याने कधी ताळेबंद बांधलाच नाही त्याने व्हॅल्युएशनवर बोलावं, याचं मला आता हसू येतं. तीन वर्षांपूर्वी ते बोलणारी मीच होते.

असो. आज १० तारीख. भिवंडीच्या सप्लायरने उद्यापर्यंत जीएसटीआर-१मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) आमचं बिल टाकलं नाही, तर १४ला ते २बीमध्ये (पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिटच्या यादीत) दिसणार नाही आणि क्रेडिट पुढच्या महिन्यावर जाईल. सकाळपासून सहा फोन केले. शेठ उचलत नाहीयेत.